सुपारी, आखडलेले तोंड आणि पेशींभोवतीचे प्रथिनांचे जाळे

अधारताल (जबलपूर) : राणी दुर्गावती यांचे मंत्री आधारसिंह यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तलावामुळे जबलपूरच्या उत्तर भागातील या वस्तीला अधारताल हे नाव मिळाले. जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयामुळे ते राज्याबाहेरही परिचित आहे. येथील पानटपऱ्यांवर दिसणारे दृश्य मात्र मध्य भारतातील कोणत्याही गावासारखेच आहे. सुपारीच्या आणि पानमसाल्याच्या पुड्यांच्या माळा दर्शनी भागात टांगलेल्या असतात आणि ग्राहकांत तरुणांची संख्या मोठी असते. गुटख्यावर बंदी घालणारे मध्य प्रदेश हे देशातील पहिले राज्य. १ एप्रिल २०१२ पासून ही बंदी लागू झाली आणि महाराष्ट्राने त्याच वर्षी जुलैमध्ये तिचे अनुकरण केले. अन्नपदार्थात तंबाखू वा निकोटीन मिसळता येणार नाही, हा केंद्रीय नियम या बंदीचा पाया आहे. महाराष्ट्राच्या आदेशांत पुढे सुगंधित सुपारीचाही समावेश झाला. साधी सुपारी सर्वत्र खुली राहिली.

याच सुपारीमुळे होणाऱ्या एका विकारात माणसाचे तोंड हळूहळू उघडेनासे होते. आधी तिखट सोसत नाही, मग गालांच्या आतील त्वचा पांढुरकी व कडक होते, पुढे घास घेणे, जीभ बाहेर काढणे, शिटी वाजवणे अवघड होते. वैद्यकशास्त्रात त्याला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. या विकाराचे मुख्य स्थान पेशींच्या आत नसून पेशींच्या बाहेर, त्यांच्याभोवती विणल्या गेलेल्या प्रथिनांच्या जाळ्यात आहे. हे जाळे कसे विणले जाते, त्याच्यावर पडणारा ताण त्याला कसा घडवतो आणि एकदा घट्ट झालेले जाळे सैल का होत नाही, याची उत्तरे गेल्या चार-साडेचार दशकांत आकाराला आलेल्या यांत्रिक जीवशास्त्रात मिळतात. या विकाराचे स्वरूप उलगडण्याचे महत्त्वाचे काम मुंबईत झाले आहे.

दोरासारखे प्रथिन

शरीर पेशींचे बनलेले असते, हे शालेय पाठ्यपुस्तकातील वाक्य खरे असले तरी अपुरे आहे. हाड, कूर्चा, कंडरा, त्वचेचा आतील थर यांच्या आकारमानाचा मोठा भाग पेशींबाहेरील द्रव्याने व्यापलेला असतो. या द्रव्याला पेशीबाह्य आधारजाल किंवा एक्स्ट्रासेल्युलर मॅट्रिक्स म्हणतात. त्यात ताण सहन करणारे कोलॅजेन, रबरासारखे ताणून पूर्ववत होणारे इलॅस्टिन, पेशींना चिकटण्यास जागा देणारे फायब्रोनेक्टिन व लॅमिनिन आणि पाणी धरून ठेवणारी शर्करायुक्त प्रथिने असतात. ही सर्व द्रव्ये पेशीच तयार करून बाहेर सोडतात. शरीरातील एकूण प्रथिनांपैकी सुमारे ३० टक्के वाटा एकट्या कोलॅजेनचा असून माणसात त्याचे २८ प्रकार ज्ञात आहेत.

कोलॅजेनच्या रेणूची रचना भारतात उलगडली. १९५२ मध्ये मद्रास विद्यापीठात रुजू झालेल्या गो. ना. रामचंद्रन यांना, भेटीस आलेले ब्रिटिश स्फटिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल यांच्याकडून हा प्रश्न अनिर्णित असल्याचे समजले. शेजारीच केंद्रीय चर्म संशोधन संस्था होती. कातडे म्हणजे मुख्यत्वे कोलॅजेनच असल्याने तेथील मदत उपयोगी पडली. कांगारूच्या शेपटीतील कंडरेच्या क्ष-किरण चित्रांचा अभ्यास करून रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४ मध्ये तीन साखळ्यांची रचना मांडली आणि १९५५ मध्ये तिला पीळ देऊन सुधारले. तीन पदर एकमेकांभोवती वळून दोर तयार व्हावा, तसा हा रेणू आहे. त्याची लांबी सुमारे ३०० नॅनोमीटर, तर जाडी जेमतेम दीड नॅनोमीटर असते. पीळ इतका घट्ट बसण्यासाठी प्रत्येक साखळीत दर तिसऱ्या स्थानी ग्लायसिन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल असावेच लागते.

असे अनेक रेणू शेजारी-शेजारी रचले जाऊन तंतू बनतो आणि रेणूंमध्ये रासायनिक टाके पडले की तो बळकट होतो. हे टाके घालण्याची सुरुवात लायसिल ऑक्सिडेज नावाचे विकर करते. त्याला कामासाठी तांब्याची गरज असते. सुपारीच्या संदर्भात या तपशिलाचे महत्त्व पुढे येणार आहे.

पेशीची ओढ

बराच काळ या जाळ्याकडे निर्जीव चौकट म्हणून पाहिले जात होते. पेशी त्यात राहतात, यापलीकडे त्यांचा तिच्याशी काही व्यवहार असेल, असे फारसे कोणाला वाटत नव्हते. १९८० मध्ये अमेरिकेतील आल्बर्ट हॅरिस आणि सहकाऱ्यांनी संयोजी ऊतकातील पेशी सिलिकॉन रबराच्या अतिशय पातळ पडद्यावर वाढवल्या. पेशी सरकू लागताच त्यांच्याखालच्या पडद्याला सुरकुत्या पडल्या. पेशी आपल्या आधाराला ओढते, याचा हा डोळ्यांना दिसणारा पुरावा होता. दोन वर्षांनी याच प्रयोगशाळेत कोलॅजेनच्या जेलीत ऊतकाचे दोन तुकडे काही अंतरावर ठेवण्यात आले. दोन्हीकडील पेशींच्या ओढीने मधले विस्कळीत तंतू एका रेषेत आले आणि दोन तुकड्यांना जोडणारा पट्टा तयार झाला. कंडरा व अस्थिबंध जेथे ताण असतो तेथेच आणि त्याच दिशेने का घडतात, याचे एक सरळ स्पष्टीकरण त्यातून मिळाले.

पेशीच्या आवरणातून आरपार गेलेले इंटेग्रिन नावाचे रेणू ही ओढ बाहेर पोहोचवतात. त्यांचे एक टोक बाहेरील तंतूंना, दुसरे पेशीतील सांगाड्याला जोडलेले असते. जोडणीतील टॅलिन हे प्रथिन ताण पडला की उलगडते आणि त्याच्या आत दडलेल्या जागा उघड्या पडून तेथे आणखी प्रथिने येऊन बसतात. त्यामुळे जोड अधिक पक्का होतो. पेशीबाहेर फायब्रोनेक्टिनबाबतही काहीसे असेच घडते. ते नुसते द्रवात सोडल्यास तंतू बनत नाहीत. पेशीने त्याला ओढल्यावरच त्याचे रेणू उलगडून एकमेकांत गुंततात.

ताण केवळ जाळे विणत नाही, ते टिकवूनही ठेवतो. शरीरात कोलॅजेन सतत तयार होते आणि कोलॅजिनेज विकरांकडून सतत तोडले जाते. प्रयोगांत असे दिसून आले आहे की ताणलेल्या तंतूंवर या विकरांचा परिणाम सैल तंतूंपेक्षा मंद गतीने होतो. म्हणजे ज्या तंतूंवर भार आहे ते राहतात, ज्यांच्यावर नाही ते झिजतात. हाडांच्या बाबतीत जर्मन शल्यचिकित्सक युलियुस वोल्फ यांनी १८९२ मध्येच मांडले होते की हाड त्याच्यावरील भारानुसार आपली रचना बदलते. अवकाशस्थानकात राहणाऱ्या अंतराळवीरांच्या कंबर व मांडीच्या हाडांची घनता महिन्याला सुमारे १ ते १.५ टक्के कमी होते. त्यांना तेथे रोज व्यायाम करावा लागतो तो यामुळेच.

ताठरपणा ओळखणाऱ्या पेशी

या क्षेत्रातील बहुधा सर्वाधिक चर्चिला गेलेला प्रयोग २००६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून प्रसिद्ध झाला. अॅडम एंग्लर, शमिक सेन, ली स्वीनी आणि डेनिस डिशर यांनी अस्थिमज्जेतील मूलपेशी वेगवेगळ्या ताठरपणाच्या जेलींवर वाढवल्या. जेलींच्या मऊपणातील फरक हाच प्रयोगाचा गाभा होता. मेंदूइतक्या मऊ, म्हणजे एक किलोपास्कलपर्यंतच्या जेलीवर पेशी चेतापेशींचे रूप घेऊ लागल्या. स्नायूइतक्या, ८ ते १७ किलोपास्कलच्या पृष्ठभागावर त्या स्नायुपेशींकडे, तर २५ ते ४० किलोपास्कलच्या पृष्ठभागावर हाडाच्या पेशींकडे वळल्या. पायाखालची जमीन किती कठीण आहे यावरून पेशी आपली वाटचाल ठरवते, असा त्याचा अर्थ होता. या चमूतील शमिक सेन पुढे मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत आले. कर्करोगाच्या पेशी हे जाळे भेदून कशा पसरतात, हा तेथील त्यांच्या संशोधनाचा एक विषय आहे.

पेशीला ताठरपणा कळतो कसा, याचा एक दुवा २०११ मध्ये इटलीतील पाडुआ विद्यापीठातील संशोधकांनी दाखवला. कठीण पृष्ठभागावर पेशी ताणली गेली की याप आणि ताझ ही दोन प्रथिने केंद्रकात शिरतात आणि वाढीशी संबंधित जनुके सुरू करतात. मऊ पृष्ठभागावर ती केंद्रकाबाहेर राहतात.

जखम भरण्याच्या प्रक्रियेत या सगळ्याची गरज असते. जखमेच्या जागी संयोजी ऊतकातील फायब्रोब्लास्ट पेशी अधिक आकुंचनशील रूप धारण करतात. त्यांना मायोफायब्रोब्लास्ट म्हणतात. त्या नवे कोलॅजेन ओततात आणि जखमेच्या कडा ओढून जवळ आणतात. काम संपले की त्या सामान्यतः नाहीशा होतात. त्यांना चालना देणारा टीजीएफ-बीटा हा संदेशरेणू जाळ्यातच निद्रिस्त अवस्थेत बांधून ठेवलेला असतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले की मायोफायब्रोब्लास्ट इंटेग्रिनच्या साहाय्याने जाळे ओढतात तेव्हा तो मोकळा होतो. पण त्यासाठी जाळे पुरेसे ताठर असावे लागते. जाळे मऊ असेल तर ओढीबरोबर सगळेच सरकते आणि रेणू अडकलेलाच राहतो. दगडाला बांधलेल्या पिशवीचा बंद ओढला तर सुटतो, उशीला बांधलेल्या पिशवीचा सुटत नाही, तसेच हे आहे.

येथेच दुष्टचक्राची शक्यता निर्माण होते. जाळे ताठर झाले की संदेशरेणू अधिक सुटतो, त्यामुळे मायोफायब्रोब्लास्ट वाढतात, ते अधिक कोलॅजेन ओततात, अधिक ओढतात आणि जाळे आणखी ताठर होते. यकृत, फुप्फुस, मूत्रपिंड यांच्या तंतुमयतेच्या विकारांत या चक्राचा सहभाग मानला जातो. भाजलेल्या रुग्णाच्या कोपरावर वा मानेवर व्रण आखडून सांधा वाकडा होतो, त्यामागेही हीच ओढ असते.

मुंबईतील प्रयोगशाळा

तोंडातील तंतुमयतेची पहिली आधुनिक नोंद भारताबाहेरची, परंतु भारतीयांचीच आहे. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी केनियातील पाच भारतीय स्त्रियांमध्ये हा विकार वर्णिला. पुढच्याच वर्षी मुंबईतील डॉ. एस. जी. जोशी यांनी टाळू व घशाच्या खांबांतील तंतुमयता अशा शब्दांत त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि आज रूढ असलेल्या नावाची सुरुवात तेथून झाली.

त्यानंतर मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात वसंत रामजी खानोलकर आणि सत्यवती सिरसाट यांनी हा प्रश्न हाती घेतला. भारतीय विकृतिशास्त्राच्या उभारणीत खानोलकरांचे स्थान अग्रभागी आहे, तर वैद्यकीय संशोधनासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा वापर देशात रुजवणाऱ्यांत सिरसाट यांचे नाव घेतले जाते. या दोघांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उंदरांच्या टाळूला मिरचीतील कॅप्सेसिन लावून तंतुमयता निर्माण होते का, हे पाहिले होते. त्या काळी संशय मिरचीवर होता आणि तो स्वाभाविकही होता, कारण प्रत्येक रुग्णाची पहिली तक्रार तिखटाने होणाऱ्या आगीची असे. पुढे मिळालेल्या पुराव्याने रोख बदलला. मिरची त्रास जाणवून देत होती. त्रासाचे मूळ सुपारीत होते.

१९६६ मध्ये डेन्मार्कचे येन्स पिंडबोर्ग आणि सिरसाट यांनी या विकाराची जी व्याख्या मांडली, ती आजही बहुतेक शोधनिबंधांत आधाराला घेतली जाते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागाचे फली मेहता आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील १ लाख १ हजार ७६१ ग्रामस्थांच्या तोंडांची तपासणी करून मुखकर्करोग व त्याच्या पूर्वावस्थांचा अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. एवढ्या मोठ्या लोकसंख्येची तोंडे त्या काळी गावोगाव जाऊन पाहणे, हे काम आजच्या मानानेही लहान नाही. केरळमधील एर्नाकुलम जिल्ह्यात झालेल्या १७ वर्षांच्या पाठपुराव्यात तंतुमयता असलेल्या रुग्णांपैकी ७.६ टक्क्यांना कर्करोग झाल्याचे १९८५ मध्ये नोंदवले गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात सुपारीला, तंबाखू नसतानाही, मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले.

सार्वजनिक चर्चेत ही शेवटची बाब अजून पुरेशी पोहोचलेली नाही. तंबाखूवर इशारे छापले जातात. सुपारी मात्र पूजेच्या ताटात असते, जेवणानंतर मुखशुद्धी म्हणून पुढे केली जाते, श्रीवर्धनच्या रोठ्याचे कौतुक होते. पूजेतील सुपारीने कोणाचे नुकसान होत नाही. दिवसभर गालात धरून ठेवलेल्या सुपारीने होते.

सुपारी जाळ्याचे काय करते

सुपारीतील अरेकोलिन हे अल्कलॉइड फायब्रोब्लास्ट पेशींना अधिक कोलॅजेन तयार करण्यास प्रवृत्त करते, असे प्रयोगशाळेतील अभ्यासांत दिसले आहे. सुपारीतील टॅनिन कोलॅजेनला विकरांपासून संरक्षण देतात. कातडे कमावतानाही टॅनिन हेच काम करतात. शिवाय सुपारीत तांब्याचे प्रमाण लक्षणीय असते आणि चघळताना ते लाळेत उतरते. तांबे मिळाले की लायसिल ऑक्सिडेजचे काम जोर धरते आणि तंतूंमधील टाके वाढतात. निर्मिती वाढलेली, तोड घटलेली आणि टाके घट्ट, अशी तिहेरी स्थिती त्यातून उद्भवते. टणक, रेषाळ सुपारीच्या सततच्या घर्षणाने होणाऱ्या बारीक जखमांची त्यात भर पडते. जखम म्हटली की मायोफायब्रोब्लास्ट आले. बेळगाव येथील दंतवैद्यकीय संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या रुग्णांच्या ऊतकात मायोफायब्रोब्लास्टचे प्रमाण वाढलेले आढळले.

पानातील ओल्या-भाजल्या सुपारीपेक्षा पुडीतील कोरड्या मिश्रणात सुपारीचा अंश अधिक असतो. पुडी वापरणाऱ्यांत हा विकार पान खाणाऱ्यांच्या तुलनेत कमी वर्षांत दिसू लागतो, असे भारतातील अभ्यासांत आढळले आहे.

गालाच्या आत बोट फिरवल्यास हाताला उभे दोर लागतात. दोन्ही जबड्यांना जोडणाऱ्या जागी, ओठांभोवती, टाळूवर हे पट्टे असतात; पडजीभ आक्रसते. हॅरिस यांच्या जेलीतील दोन तुकड्यांमध्ये तयार झालेला पट्टा ज्याने पाहिला असेल त्याला हे पट्टे अनोळखी वाटणार नाहीत. दाट कोलॅजेनमुळे रक्तवाहिन्या दबतात, वरची त्वचा पातळ होते आणि म्हणून साधी आमटीही झोंबते.

सवय सुटल्यानंतर काय

सुपारी सोडल्यावर आग कमी होते, विकाराची वाढ मंदावते आणि सुरुवातीच्या अवस्थेत मऊपणा काही अंशी परत येऊ शकतो. पण तयार झालेले पट्टे आपोआप विरघळत नाहीत. टाके पडलेले कोलॅजेन विकरांना दाद देत नाही, आणि पुडी बंद झाली तरी ताठर झालेले जाळे पेशींना जुनाच निरोप देत राहते. अनेक रुग्ण तोंड दोन बोटांपेक्षा कमी उघडू लागल्यावरच दवाखान्यात येतात, तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

मुंबईतील खन्ना व अँड्रेड यांनी १९९५ मध्ये १०० रुग्णांच्या आधारे केलेले वर्गीकरण देशभर वापरले जाते. वरच्या-खालच्या पुढील दातांमधील अंतर २६ ते ३५ मिलिमीटर असल्यास विकार प्रारंभिक, १५ ते २६ असल्यास मध्यम आणि १५ पेक्षा कमी असल्यास तीव्र समजला जातो. निरोगी प्रौढाचे तोंड साधारणपणे ३५ ते ५० मिलिमीटर उघडते. घरच्या घरी पाहायचे तर स्वतःची मधली तीन बोटे एकावर एक उभी धरून दातांमध्ये जातात का, हे पाहावे. ती जात नसतील तर दंतवैद्याला दाखवणे आवश्यक आहे.

प्रारंभिक व मध्यम अवस्थेत स्टेरॉइडची आणि जाळ्यातील हायलुरोनिक आम्ल तोडणाऱ्या हायलुरोनिडेजची इंजेक्शने पट्ट्यांत दिली जातात. त्याबरोबर तोंड ताणण्याचे व्यायाम असतात. आइसक्रीमच्या काडीसारख्या लाकडी पट्ट्या एकावर एक रचून दातांमध्ये ठेवायच्या आणि दर काही दिवसांनी त्यांत एकेक वाढवत जायचे, ही जुनी पद्धत आजही प्रचलित आहे. तीव्र अवस्थेत शस्त्रक्रियेने पट्टे कापून गालातील चरबीचा किंवा नाकाशेजारील त्वचेचा भाग तेथे बसवला जातो.

शस्त्रक्रियेनंतरचे महिने खरे कसोटीचे असतात. कापलेली जागा हीदेखील एक जखमच असते. तेथे मायोफायब्रोब्लास्ट पुन्हा जमतात आणि कडा ओढू लागतात. रुग्णाने वेदनेमुळे व्यायाम टाळला तर मिळवलेले मिलिमीटर परत जातात. म्हणूनच या रुग्णांना लाकडी पट्ट्या घरी देऊन दिवसातून अनेक वेळा व्यायाम करायला सांगितले जाते आणि हा क्रम कित्येक महिने चालू ठेवावा लागतो. तोंड पुरेसे उघडू लागल्यानंतरही कर्करोगाचा धोका संपत नसल्याने नियमित तपासणीची गरज कायम राहते. तंबाखू व तंबाखूमिश्रित सुपारी सोडू इच्छिणाऱ्यांसाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची १८००-११-२३५६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे.